बासष्ट मैलांवरची थरथर

आमच्या ह्यांच्या पिकअपच्या कागदांवर '१९५५ फोर्ड एफ-१००' असं लिहिलेलं आहे. त्या सालातलं तिच्यात आता केबिन, बॉनेट, मागचा हौदा आणि चासीचे दोन लांब दांडे एवढंच शिल्लक आहे. पुढचं सस्पेन्शन मस्टँग-टूच्या धर्तीचं. ती मोटार १९७४ ते १९७८ एवढीच वर्षं निघाली, पण तिच्या पुढच्या चाकांची मांडणी आटोपशीर, म्हणून जुन्या पिकअपला ती बसवायची अमेरिकेत रीतच पडली. इंजिन शेव्हरलेचं, ३५० घनइंची व्ही-एट. गिअरबॉक्स ७००-आर-४, म्हणजे जनरल मोटर्सने १९८२ मध्ये आणलेली चार गिअरची ऑटोमॅटिक. मागचा ॲक्सल पुन्हा फोर्डचा, पण १९५७ मध्ये आलेल्या 'नाइन-इंच' जातीचा. मिशिगनमधल्या आमच्या घराच्या गॅरेजात ह्यांनी हे सगळं कैक हिवाळे खपून जुळवलं.

गाडी देखणी झाली. ऑगस्टमधल्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर अशा गाड्यांची जत्रा भरते, १९९५ पासून. तिथे आमची पिकअप रांगेतून रमतगमत चालते आणि कुठे काही वाजत नाही. वाजतं ते फ्रीवेवर. ताशी ५८ मैलांपर्यंत सगळं शांत. साठ ओलांडले की पायाखालचा पत्रा गुणगुणायला लागतो, ६२-६३ला सीटची चौकट झिणझिणते, शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. सत्तरच्या पुढे ते पुष्कळसं शमतं. ६२ मैल म्हणजे जवळपास १०० किलोमीटर, म्हणजे लांबच्या प्रवासात गाडी जिथे तासन्‌तास असते तोच वेग.

ह्या थरथरीवरून मामा-भाचीत जो वाद चालला तो मी उतरवून ठेवला. मामा म्हणजे आमचे हे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचा लेथवर हात बसला आणि पुढची नोकरी सगळी मिशिगनमधल्या टूलरूममध्ये झाली. भाची माझ्या नणंदेची मुलगी. मोटारीतले आवाज आणि थरथर मोजणं हाच तिचा व्यवसाय. दोघांच्याही बोलण्यात आपापल्या कामावरची निष्ठा होती. माझं मत पुढे एका बाजूला झुकलं, ते का, तेही सांगते.

मामा: माझा हिशेब सरळ आहे. फिरणारी प्रत्येक वस्तू तपासायची, मापात नसेल ती बदलायची. टायर बॅलन्स करून घेतले, मग टायरच नवे घातले. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांचे क्रॉस नवे. शाफ्ट दुकानात नेऊन बॅलन्स केला, वर मी स्वतः डायल लावून रनआऊट बघितला, मधोमध सात थाऊसुद्धा नाही. मागची बेअरिंगं नवी. सगळे भाग मापात असतील तर गाडीने थरथरायचं कशासाठी?

भाची: ही सगळी कामं चोख झाली आहेत, मामा. एकालाही मी नावं ठेवत नाही. पण थरथर सेकंदाला किती वेळा होते, हे ह्यातल्या कुठल्याच कामाआधी कुणी विचारलं नाही. तो आकडा हातात असता तर निम्मी यादी तिथेच गळली असती.

मामा: अगं, हे सगळं शहर उभं राहिलं ते मी म्हणतो त्याच तत्त्वावर. १९१३ मध्ये हायलंड पार्कला फोर्डची सरकती जुळणी सुरू झाली, ती चालली कशामुळे? कुठलाही पिस्टन कुठल्याही ब्लॉकमध्ये बसत होता म्हणून. जुळवणाऱ्याला कानस हातात घ्यावी लागत नव्हती. स्लिप गेज ज्याने काढले त्या स्वीडनच्या योहान्सनला फोर्डने १९२३ मध्ये आपल्याकडे घेतलं, ते काय उगाच? भाग मापात ठेवा, जुळणी आपोआप मापात येते.

भाची: मापात, पण कुणी ठरवलेल्या? तो पिस्टन आणि तो ब्लॉक एकाच ड्रॉइंग ऑफिसातून बाहेर पडले होते. दोघांनी एकत्र कसं वागायचं हे आधी कागदावर ठरलं, मापं त्यातून निघाली. तुमच्या चासीचं ड्रॉइंग फोर्डकडे पन्नासच्या दशकात झालं, इंजिनाचं शेव्हरलेकडे, पुढच्या सस्पेन्शनचं त्यानंतर वीस वर्षांनी. ह्यांना जोडणारं ड्रॉइंग ऑफिस म्हणजे हे तुमचं गॅरेज. दोन भागांमधलं अंतर, दोन शाफ्टमधला कोन, ही मापं कुठल्याच भागावर छापलेली नसतात. प्रत्येक भाग बरोबर आणि गाडी मात्र चुकलेली, असं होऊ शकतं.

मामा: कोल्हापुरात पेट्रोलच्या जुन्या जीपांना आम्ही डिझेल इंजिनं बसवलेली बघितली आहेत. तिथे कोण कोन मोजत होतं? चालल्याच ना वर्षानुवर्षं?

भाची: किती वेगाने?

मामा: चाळीस. फार तर पन्नास किलोमीटर.

भाची: शाफ्टचा वेग दुप्पट झाला की असला धक्का चौपट होतो. पन्नासला जे कुणाच्या लक्षातही येत नाही तेच शंभरला दात वाजवतं. त्या जीपा बरोबर होत्या असं नव्हे, त्यांना कुणी विचारण्याइतकं पळवलंच नाही.

मला हा मुद्दा पटला, आणि माझं झुकणं इथूनच सुरू झालं. बांधलेल्या गाड्यांच्या मालकांना मी बघते. थरथर आली की पहिलं पाऊल दुकानाकडे. नवे टायर, नवा डॅम्पर, नवा शाफ्ट. मनाजोगत्या गाडीवर पैसे घालायला कुणाची ना नसते, पण ह्या नव्या भागांमुळे खरी अडचण होते ती पुढेच. एकाच वेळी तीन वस्तू बदलल्या आणि थरथर थोडी कमी झाली, तर ती कशामुळे हे त्या माणसाला कधीच कळत नाही. आधी खूण शोधायची, मग पान्हा उचलायचा, ही भाचीची शिस्त मला मोलाची वाटते.

तिने पुठ्ठ्याच्या खोक्यावर आकडे मांडले. टायर २३५/७५ आर १५ मापाचे, एका मैलात साधारण ७२० फेरे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून चाक मिनिटाला ७२० वेळा फिरतं, सेकंदाला १२ वेळा. साडेबासष्ट मैलांना साडेबारा. मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनचं प्रमाण साडेतीन, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेतीन: सेकंदाला ४३.७५. चौथ्या गिअरचं प्रमाण ०.७०, तेव्हा कन्व्हर्टर लॉक झाल्यावर इंजिन सेकंदाला ३०.६. आणि क्रॉस एका फेऱ्यात दोनदा धक्का देतात, म्हणून त्यांचा आकडा शाफ्टच्या दुप्पट, ८७.५.

भाची: बघा, चार उगम आणि चार वेगळे आकडे. साडेबारा, साडेतीस, पावणेचव्वेचाळीस, साडेसत्त्याऐंशी. एकमेकांच्या जवळसुद्धा येत नाहीत. आपली थरथर ह्यांतल्या कुणाची?

मामा: ते मी बघितलंय की! फोनवर थरथर मोजायचं ॲप मिळतं, सेकंदाला शंभर नोंदी घेतं. फोन दोन सीटांच्या मध्ये दाबून बसवला आणि बासष्टावर गाडी धरली. साडेबारा आले. बारा पूर्णांक पाच! म्हणजे चाक. म्हणून तर नवे टायर घातले.

भाची: सेकंदाला शंभर नोंदी घेणारं यंत्र पन्नासच्या वरची कुठलीच थरथर खरी दाखवू शकत नाही. त्याहून वेगाची थरथर आत शिरली आणि फोनातली गाळणी कच्ची असली, तर ती शंभरातून वजा होऊन भलत्याच जागी उमटते. शंभरातून साडेसत्त्याऐंशी गेले की किती राहतात?

मामा: साडेबारा.

हे मला पुन्हा समजावून घ्यावं लागलं, आणि वाचकांनाही सांगते, कारण फोन आता प्रत्येकाच्या हातात आहे. सिनेमात घोडागाडीची चाकं कधी उलटी फिरताना दिसतात. कॅमेरा ठरावीक अंतराने चित्रं घेतो आणि मधल्या काळात चाक किती फिरलं ते त्याला दिसत नाही, म्हणून डोळा फसतो. फोनचंही तेच. योगायोग असा की ह्या टायरला आणि ह्या पिनियनला बरोबर साडेबासष्ट मैलांवर क्रॉसची खोटी खूण चाकाच्या खऱ्या खुणेवर येऊन बसते. ओळखायचा उपाय सोपा आहे. वेग थोडा वाढवायचा. चाकाचा आकडा वेगाबरोबर चढतो. ६५ला तो तेरा व्हायला हवा. क्रॉसचा होतो ९१, आणि शंभरातून ९१ गेले की ९. वेग चढताना आकडा उतरला, तर तो आकडा तोतया. ह्यांच्या फोनमध्ये ६५ मैलांची नोंद होती. तिथे नऊ होते. फोन नीट दाबला गेला नसेल असं समजून ह्यांनी ती नोंद बाजूला ठेवली होती.

भाची: तुमच्यासारखा हाताने काम केलेला माणूस फोनवर इतका विसंबला, ह्याचं मला नवल वाटतं. थरथर तुम्हाला कुठे जाणवते? मांडीला की तळपायाला?

मामा: तळपायाला. मुंग्या आल्यासारखं. हात सुन्न होतो स्टिअरिंगवर, पण स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलत नाही.

भाची: सेकंदाला बारा वेळा हलणारं चाक अंग हलवतं, आरशातलं चित्र पुसट करतं. तळपायाला मुंग्या आणणारी आणि कानाला ऐकू येणारी थरथर त्याच्या कितीतरी वरची असते.

इथे मी बोलले, कारण मला तो आवाज ओळखीचा होता. वयाबरोबर माझा आवाज उतरून पांढरी चारवर आला आहे, आणि गाडी बासष्टावर गेली की पायाखालचा पत्रा माझ्या तंबोऱ्याच्या खर्जात गुणगुणतो. वेग वाढवला की सूर चढतो, कमी केला की उतरतो. भाचीने आकडा काढला: पांढरी चारचा खर्ज म्हणजे सेकंदाला ८७.३ कंपनं. तिच्या पुठ्ठ्यावरचा चौथा आकडा होता ८७.५.

मामा: थांब. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मग हा सूर इंजिनाचा नाही कशावरून?

प्रश्न अगदी योग्य होता. ह्या गिअरबॉक्सचा तिसरा गिअर सरळ, एकास एक. तिथे इंजिनाच्या समतोलाचा दोष असो की शाफ्टचा, दोघांचे आकडे एकावर एक बसतात. म्हणून ती परीक्षा चौथ्यातच करायला हवी. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला चौथा, मग तिसरा, मग पुन्हा चौथा. इंजिनाचा वेग मिनिटाला १,८४० वरून २,६२५ वर गेला आणि परत आला. एक्झॉस्टचा सूरही बदलला: व्ही-एटमध्ये एका फेऱ्यात चार स्फोट होतात, त्यामुळे तिसऱ्यात एक्झॉस्ट नेमका माझ्या षड्जावर येतो आणि चौथ्यात उतरून खर्जाशी तीव्र मध्यमाचं नातं धरतो. पायाखालचा सूर मात्र तिन्ही वेळा जागचा हलला नाही. मग गाडी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिन त्याच दोन वेगांवर धरलं. काही नाही. इंजिन निर्दोष सुटलं.

मामा: हे मी आधी करायला हवं होतं, हे मान्य. पण इंजिनावर माझा संशय का नव्हता तेही ऐक. ह्याच घराण्यातलं ४०० घनइंची इंजिन १९७० ते १९८० निघालं. त्याच्या डॅम्परवर आणि फ्लेक्सप्लेटवर समतोलासाठी मुद्दाम जादा वजन असतं. ती प्लेट जुन्या ३५०ला अगदी बिनबोभाट बसते, बोल्ट जुळतात, आणि इंजिन थरथरायला लागतं. ते मला ठाऊक होतं, म्हणून प्लेट मी नीट बघून घेतली होती.

भाची: मामा, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं! प्लेट निर्दोष, इंजिन निर्दोष, बोल्ट घट्ट. चुकली ती सोयरीक.

ह्यावर ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. क्रॉसचा धक्का कोनातून येतो हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या सांध्याला कार्डानचं नाव आहे, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचंही आहे, आणि मोटारीला तो साजेसा करून क्लॅरेन्स स्पायसरने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. सांधा कोनात असला की अलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरला तरी पलीकडचा तसा फिरत नाही. एका फेऱ्यात दोनदा तो पुढे धावतो, दोनदा मागे रेंगाळतो. तीन अंशांच्या कोनाला हा फरक दर बाजूला सुमारे ०.१४ टक्के. सहा अंशांना दुप्पट नव्हे, चौपट: ०.५५ टक्के. म्हणूनच शाफ्टला दोन सांधे असतात. पुढच्याने जेवढा बिघाड केला तेवढाच मागच्याने उलटा करून फेडायचा. त्यासाठी दोन्ही कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत हवेत.

मामा: योक एका रेषेत आहेत. आणि कोन मी मोजले आहेत, चार खांबांच्या लिफ्टवर, चारी चाकांवर वजन असताना. गिअरबॉक्स मागे उतरता साडेतीन अंश. शाफ्ट उतरता एक अंश. पिनियन साडेतीन, गिअरबॉक्सला समांतर. म्हणजे पुढचा कोन अडीच, मागचा अडीच. पुस्तकात देतात तसं तंतोतंत.

भाची: आता माझ्याकडे उत्तर नाही. मापं बरोबर आहेत.

ती तशी बोलली आणि गप्प बसली, हे मला आवडलं. मोजणाऱ्या माणसाला एवढं म्हणता आलं पाहिजे. पुढचा धागा ह्यांनीच दिला, तो त्यांच्या रोजच्या अनुभवातला.

मामा: एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकते. माल भरला की पिकअप शांत होते, पाटे दबतात, मागची बाजू रस्त्याला चिकटते. सगळ्या पिकअपवाल्यांचा हाच अनुभव. वसंतात आम्ही बागेसाठी मातीची पोती आणली तेव्हा आमची गाडी शांत व्हायच्या ऐवजी जास्त गुणगुणली. आणि ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की थरथर विरते.

भाची: हे तुम्ही आत्ता सांगताय!

मामा: कुणी विचारलंच नाही.

तिने लगेच पुठ्ठ्याची दुसरी बाजू काढली. इंजिन जोर लावतं तेव्हा चाकं पुढे ढकलली जातात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून ॲक्सलचं घर उलटं वळू बघतं; पिनियनचं नाक वर उचललं जातं. त्याला आवरून धरतात ते फक्त पाटे. म्हणून पाट्यांच्या गाडीत उभ्या स्थितीत पिनियनचं नाक अंशभर-दोन अंश खाली ठेवायचा प्रघात आहे, चालताना ते समांतर यावं म्हणून. उभ्या गाडीत समांतर ठेवलं तर चालत्या गाडीत ते समांतर राहत नाही.

भाची: पाट्यांचं काय केलं होतं तुम्ही?

मामा: गाडी खाली बसवायची होती आणि चाल मऊ हवी होती, म्हणून दोन्ही बाजूंची दोन-दोन पानं काढली. काम एका पाटेवाल्याकडून करून घेतलं, नीट केलं त्याने.

भाची: ॲक्सल बसवताना वेल्डिंग करणाऱ्याने पिनियन समांतर लावला, बरोबर. पाटेवाल्याने पानं काढली, बरोबर. पण पानं निघाल्यावर पिनियन पूर्वीपेक्षा जास्त उचलणार, हे त्या दोघांपैकी कुणाच्याच कामात बसत नव्हतं. आणि मालाचं कोडंही सुटतं. हौद्यात वजन पडलं की ॲक्सल चासीच्या जवळ येतो, शाफ्ट आणखी आडवा होतो, दोन्ही कोन वाढतात, आणि त्यांच्या वर्गांमधला फरक तर त्याहून वाढतो.

मामा: हे झालं तुझ्या पुठ्ठ्यावर. गाडीखाली दाखव.

हीच मागणी मला न्याय्य वाटली. चासीला छोटा कॅमेरा चिकटवला, ॲक्सलच्या घरावर दर्शक काटा बसवला, मागे अंशांची पट्टी. सपाट रस्त्यावर बासष्टावर गाडी धरली तेव्हा काटा उभ्या स्थितीहून सुमारे दोन अंश वर होता. जोराने पाय दाबला की त्याहूनही वर जायचा. म्हणजे चालत्या गाडीत पुढचा कोन अडीच, मागचा साडेचार. वर्ग केले तर ६.२५ आणि २०.२५, फरक १४, त्याचं वर्गमूळ पावणेचारच्या जवळ. शाफ्टवाल्यांच्या आडाख्यात ही बेरीज-वजाबाकी तीन अंशांच्या आत राहायला हवी. उभ्या गाडीत ती शून्य होती, म्हणून कुणाला दिसली नाही.

मग बासष्टच का, पन्नास का नाही? हा प्रश्न माझा. भाचीचं उत्तर असं, की थरथरीचा उगम एक असतो आणि तिला मोठी करणारी वाट दुसरी. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून एक लांब तुळई होते, तिची स्वतःची एक लय असते, आणि ८७ च्या आसपास ती लय आणि क्रॉसचा धक्का एकत्र येतात. वेग आणखी वाढला की धक्का मोठा होतो, पण वाट बंद होते. गिअरबॉक्सखालचं फाउंडेशन ह्यांनी रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचं घातलं होतं, त्याने पत्र्यापर्यंतचा रस्ता आणखी मोकळा केला. ह्यांना ते लगेच बदलून बघायचं होतं. भाचीने अडवलं: रबर घातलं तर गुणगुण कमी होईल, पण सुया असलेल्या त्या क्रॉसच्या बेअरिंगांचं रोजचं झिजणं तसंच चालू राहील. उगम आधी, वाट नंतर. मला वाटतं, ह्या सगळ्या वादातलं हे सर्वांत शहाणं वाक्य होतं. आवाज दाबून टाकणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

उपायावर मात्र दोघं पुन्हा भिडले, आणि तिथे मी बाजू बदलली.

भाची: पाटे आणि ॲक्सल ह्यांच्यामध्ये दोन अंशांची पाचर घाला. पिनियन साडेतीनवरून दीडवर येईल. उभ्या गाडीत मागचा कोन अर्धा अंश, चालताना अडीच. पुढच्याएवढाच.

मामा: आणि चढ लागला, माल भरला, हेडविंड आलं, म्हणजे? पिनियन तेव्हा किती उचलेल हे तुझ्या पाचरीला काय ठाऊक? उचलणं हाच रोग आहे. पाटे बोडके झालेत म्हणून ते उचलतंय. एक पान परत घाला.

भाची: पान घातलं तर गाडीची उंची बदलेल, शाफ्टचा कोन बदलेल, सगळी मापं पुन्हा. आधी पाचर. एका वेळी एकच बदल.

क्रमाबाबत तिचं ऐकलं गेलं, ते बरंच झालं. पाचर बसली आणि सपाट रस्त्यावर माझा खर्ज जवळजवळ नाहीसा झाला. पण हौद्यात पोती भरून लांब चढावर गाडी घातली तेव्हा तो परत आला, आणि कॅमेऱ्यातला काटाही ह्यांनी सांगितल्याप्रमाणेच वर चढला. एका स्थितीसाठी लावलेला कोन दुसऱ्या स्थितीत टिकत नाही. निदान मोजमापाने झालं, पण कुठे थांबायचं हे लोखंडाच्या जुन्या ओळखीने सांगितलं. नुसत्या पाचरीवर समाधान मानलं असतं तर पुढच्या वसंतात पुन्हा गाडीखाली जावं लागलं असतं. शेवटी दोन्ही बाजूंना एकेक पान परत गेलं. मागची बाजू इंचभर उचलली, शाफ्टचा उतार दोन अंशांवर आला, पिनियनचं उचलणं निम्म्यावर, म्हणून पाचरही दोनाऐवजी एका अंशाची लागली. इंचभर उंचीचं ह्यांना दुःख झालं. गाडीची बैठक त्यांनी फार मनाने जमवली होती.

आता फ्रीवेवर बासष्टाला आम्ही साध्या आवाजात बोलतो. एप्रिलमध्ये गाडी पहिल्यांदा बाहेर काढली की चाकांची हळू थरथर असते, ही खरी साडेबाराची: मिशिगनच्या हिवाळ्यात महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहून टायर खालून चपटतात. टायर तापले की ते जातं. त्यासाठी काही विकत आणायचं नाही, हे आता ह्यांनाही पटलंय.

आणि गाडीला ड्रॉइंग मिळालं. ह्यांनी जुन्या सवयीप्रमाणे पेन्सिलीने, तिरप्या स्वच्छ अक्षरात ते काढलं: गिअरबॉक्स साडेतीन अंश, शाफ्ट दोन, पिनियन उभ्या गाडीत अडीच, मागच्या पाट्यांची पानं, चासीची जमिनीपासून उंची, टायरमधली हवा, टायरचे मैलागणिक फेरे. पिनियनच्या कोनापुढे त्यांनी टॉलरन्स लिहिला, अधिक-उणे पाव अंश. पाटे बसतील, रबर दबेल, पाव अंश कुणालाच पाळता येणार नाही, अर्धा अंश ठेवा, असं भाचीचं म्हणणं. त्या कोपऱ्यात अजून दोन्ही आकडे आहेत, आणि पुढच्या वर्षी पाटे बसल्यावर पुन्हा मोजायचं ठरलं आहे.